गरम खापरावर ओतलेलं पाणी

बाळांनो,

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी मला तो व्हिडिओ पाठवलात. त्यात मी चुलीजवळ उभी राहून इंग्रजीत ओरडते आहे, आपली मांडेवाली पिठाच्या हातांनी तांब्याच्या कळशीवर झेपावते आहे आणि मागे लोक टाळ्या वाजवताहेत. खाली तुम्ही लिहिलंत, "आजी, तू तर मोठी कलाकार निघालीस!" त्यापुढे लाल बदामांची रांग. मी मोबाईल बाजूला ठेवला. मग कपाटातून मागच्या वर्षीची फाईल काढली. माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे, कागद मी टाकत नाही. त्यातला करार समोर ठेवून आता हे लिहिते आहे.

तो अभिनय नव्हता. तुम्ही तो व्हिडिओ आणखी चार जणांना दाखवण्याआधी तिथे काय झालं ते तुम्हाला माहीत असावं, आणि त्यात माझा वाटा किती, तेही.

मांडेवाली तुम्हाला आठवत असेल. तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी आपल्या अंगणात चूल मांडून बसायची ती. पुरणाचा गोळा या हातावरून त्या हातावर फेकत ती तो कोपरापर्यंत वाढवायची आणि पापणी लवायच्या आत खापरावर टाकायची. खापर म्हणजे मातीचं मोठं खोल भांडं. ते चुलीवर उपडं ठेवतात आणि त्याच्या पाठीवर मांडा भाजतात. मांडा इतका पातळ की त्यातून पलीकडचं दिसावं. धाकट्याने एकदा तो डोक्यावरून पांघरून घेतला होता आणि तिने त्याला उलथनं दाखवलं होतं, तेही आठवत असेल.

तिचं माहेर पिंपळनेरकडचं, सासर शिंदखेड्याजवळच्या खेड्यातलं, आणि गेली तीस वर्षं ती जळगावात आहे. लग्नाच्या मोसमात ती आणि तिची सून या गावातून त्या गावात मांडे करत फिरतात. तिचं घर त्यावर चालतं. आणि ते सगळं तिच्या एका खापरावर चालतं. ते खापर सासूने तिला दिलं. नवं खापर मांड्याला चिकटतं, सोडत नाही, मांडा फाटतो. वर्षानुवर्षं तापून, पिठातुपाचा हात लागून ते काळं आणि गुळगुळीत होतं, तेव्हा कुठे मांडा त्यावरून अलगद उतरतो. ती ते गोधडीत गुंडाळून नेते. कुणाला उचलू देत नाही.

आता महोत्सव. गेल्या हिवाळ्यात, भरिताच्या वांग्यांच्या दिवसांत, आमच्या जळगावात एका रात्रीचा कला महोत्सव झाला. संध्याकाळपासून सूर्योदयापर्यंत, सगळ्यांना मोफत, रस्ते, बागा, बाजार, जिथे जागा मिळेल तिथे. मुंबई, पुणे, बडोदा असे कुठून कुठून कलाकार आले होते. स्थानिक मदतीसाठी इंग्रजी येणारी माणसं हवी होती, म्हणून ते माझ्याकडे आले. मी धुळ्याच्या कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन जळगावात आल्यापासून मला कुणी इंग्रजीसाठी विचारलं नव्हतं. मी लगेच हो म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

त्यातली एक तरुण कलाकार मांडे करणारी बाई शोधत होती. गोड मुलगी. खादीचा कुर्ता, कानात चांदीचं काहीतरी, मला दर वाक्याला "मॅम" म्हणायची. मीच तिला आपल्या मांडेवालीकडे घेऊन गेले. मांडेवालीने आधी एकच प्रश्न विचारला.

"अक्का, हाई लोके मांडा खातस, का नुसता दखतस?"

मी त्या मुलीला विचारलं. ती हसली आणि म्हणाली, लोक अनुभव घेतील. मी मांडेवालीला सांगितलं, खातील आणि पाहतीलही. ही माझी पहिली चूक.

मग करार आला. चार पानं, इंग्रजीत. मी चष्मा लावून ओळीने वाचला आणि तिला समजावून सांगितला. पीठ, डाळ, गूळ, लाकडं, सगळं त्यांचं. फोटो काढायची परवानगी. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की सूर्योदयाच्या वेळी तापलेल्या भांड्यावर नदीचं पाणी ओतलं जाईल, वाफ उठेल आणि कलाकृती पूर्ण होईल. भांड्याला इजा झाल्यास सही करणाऱ्याची हरकत राहणार नाही. मी विचारलं, भांडं कुणाचं? ती म्हणाली, आम्ही नवीन आणलंय, मॅम, बाजारातून. मग मी ती ओळ मांडेवालीला सांगितली नाही. मला वाटलं, त्यांचं खापर, त्यांचं पाणी, तिला कशाला उगाच. तापल्या खापरावर पाणी ओतायचं असं सांगितलं असतं तर ती त्याच पावली उठून गेली असती. खानदेशात दहा वर्षांच्या पोरीलाही कळतं की त्याने खापर तडकतं. हे मला तेव्हाही कळत होतं. तिने सही केली, खाली साक्षीदार म्हणून मी केली.

महोत्सवाच्या संध्याकाळी मी सातलाच बाहेर पडले, कारण कुठे काय आहे ते आधी पाहून ठेवायचं होतं. चौकात केळीच्या घडांचा माणसाएवढा ढीग होता. शेतमालाची व्यथा, असं फलकावर लिहिलेलं. ती केळी मुद्दाम आठवडाभर आधी आणून सडवली होती. रस त्या ढिगाखालून वाहत रस्त्यावर आला होता, माश्या भणभणत होत्या, आणि लोक नाकाला रुमाल लावून त्यापुढे हसतमुखाने फोटो काढत होते. एक म्हातारा शेतकरी नुसता उभा होता. त्याने खालच्या बाजूचा, अजून बरा असलेला एक घड हाताने चाचपून पाहिला, तर गळ्यात ओळखपत्र घातलेल्या मुलीने त्याला हटकलं. पुढे एका पांढऱ्या भिंतीवर कुणीतरी पान खाऊन थुंकलं होतं. भिंत रंगवणारा कलाकार धावत आला, मला वाटलं चिडेल, पण तो खूश झाला आणि त्याने त्या पिचकारीभोवती खडूने चौकट काढली.

एक गोष्ट मात्र मला आवडली, ती सांगितली पाहिजे. बसस्थानकाच्या एका कोपऱ्यात, एसटीत आयुष्य काढलेला एक निवृत्त माणूस जुन्या भोंग्यावरून गावांची नावं पुकारत होता. शिंदखेडा, भडगाव, पिंपळनेर, आणि मग अशी कितीतरी लहान गावं जिथे आता गाडी जात नाही. एवढंच. त्याच्याजवळ बाकावर मी अर्धा तास बसले. बाकी रात्रभर जे पाहिलं त्यातलं दुसरं काही मला पुन्हा पाहावंसं वाटणार नाही.

मांडेवालीची जागा तलावाकाठच्या बागेत होती. तिथे पोचले तेव्हा ती उभी होती आणि चिडलेली होती. चुलीवर त्यांचं नवं खापर होतं, भगवं, कोरं. शेजारी परातीत चार फाटके मांडे पडले होते.

"हाई खापर अजून लेकरू शे, अक्का," ती म्हणाली. "मांडा धरी बसस, सोडस नही. इतला लोकेसमोर मी फाटका मांडा करू का?"

"अगं, तुला कोण काय म्हणणारे? दिवे बघ, गर्दी बघ. कुणाला कळणार नाही."

"माले कळस ना," ती म्हणाली आणि सुनेकडे वळली. "जाय वं, घरनं खापर लई ये."

सून रिक्षाने गेली आणि गोधडीत गुंडाळलेलं खापर मांडीवर घेऊन आली. मी समोर होते, बाळांनो. मी ते चुलीवर चढताना पाहिलं. नवं खापर सुनेने मागे नेऊन पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलं. आणि तिसऱ्या पानावरची ओळ माझ्या डोक्यात होती, पण ती कुठे तरी वेगळ्या कप्प्यात होती. दोन्ही गोष्टी मी जोडल्या नाहीत. चाळीस वर्षं मुलांना उतारा नीट वाचा म्हणून सांगत आले, आणि मी स्वतः हे केलं.

थोड्या वेळाने ती कलाकार मुलगी आली. तिला बदल लगेच दिसला. "ओ, मावशी, हे किती सुंदर आहे! हे खरं वाटतं. जुनं आहे का?"

"मन्ही सासूनं शे," मांडेवाली म्हणाली.

"सासूबाईंचं!" ती मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली. "मॅम, यात तर पूर्ण गोष्टच आली." तिने गुडघ्यावर बसून त्याचे फोटो काढले.

मग मांडे सुरू झाले. आणि मला पहिल्यांदा खरी शिसारी आली ती तिथे. मांडेवाली एकेक मांडा करायची, तळव्यावरून कोपरापर्यंत, चंद्रासारखा गोल, एक फाटला नाही, आणि ती मुलगी तो घेऊन तारेला चिमट्याने टांगायची. कपडे वाळत घालावेत तसे. झाडापासून झाडापर्यंत तारा बांधल्या होत्या आणि खालून निळे दिवे सोडले होते. सकाळी त्यातून सूर्य दिसणार होता म्हणे. पुरण खाली ठिबकत होतं. येणारा जाणारा त्याला बोट लावून पाहत होता, ते बोट झाडाला पुसत होता. एका माणसाने आपलं लहान मूल उचलून मांड्याजवळ धरलं आणि त्या मुलाने त्यावर नाक पुसलं.

आपल्या गल्लीतले किराणा दुकानवाले भाऊ सहकुटुंब आले होते. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानातलं, घरात पापडांचा मोठा कारखाना. तारांखाली उभे राहून त्यांनी मान वर केली.

"अक्का, हे वाळल्यावर तळायचे का?"

"भाऊ, चेष्टा करू नका."

"चेष्टा कसली? आमच्याकडे पापडावर माशी बसली तर आई सगळी चटई फेकायला लावते. इथे माणसं बसवलीत."

मांडेवाली हसली नाही. ती मान न वळवता काम करत होती, पण तिला सगळं दिसत होतं. एकदा तिने विचारलं, "अक्का, बठ्ठा उपाशी जाई राहिनात. एक तरी खाऊ द्या ना." सगळे उपाशी जाताहेत, हे मी त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, खाल्लं की अर्थ बदलतो, मॅम. बागेत झाडायला आलेल्या बायका कडेला उभ्या होत्या. त्यांनी एक मांडा मागितला तेव्हा ओळखपत्रवाल्या मुलांनी सांगितलं, सकाळचे फोटो झाल्यावर बघू. मी दोनदा घरी जायला निघाले आणि दोनदा परत फिरले. मीच तिला तिथे आणून बसवलं होतं. तिला तिथे सोडून मला झोप आली नसती.

उजाडायला लागलं तशी गर्दी पुन्हा वाढली. कुणीतरी संथ ढोल वाजवायला लागलं. कलाकार मुलगी पांढरी साडी नेसून आली, हातात तांब्याची कळशी. मांडेवालीला बाजूला व्हायला सांगितलं. ती पदराला हात न पुसताच उभी राहिली आणि कळशी पाहून तिने हात जोडले. तिला वाटलं, आता चुलीची पूजा होणार. सुनेनेही जोडले.

ते जोडलेले हात पाहिले आणि मला तिसरं पान आठवलं. शब्दन् शब्द आठवलं.

मी ओरडले. "Stop! That one is hers!" व्हिडिओत तुम्ही ऐकलंत ते हे. मराठीत का ओरडले नाही, मला माहीत नाही. ती ओळ इंग्रजीत वाचली होती, त्यामुळे असेल. लोकांनी चटकन मोबाईल माझ्याकडे वळवले. त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, हसली आणि कळशी कलती केली. पहिली धार खापराच्या काठावर पडली. मोठा फुस्स आवाज झाला, वाफ उठली आणि त्या वाफेतून टक् असा एक बारीक आवाज आला. मांडेवालीने तो ओळखला. तिने कोपराने कळशीला धक्का दिला, कळशी गवतात गडगडली आणि ती दोन्ही हात पसरून खापरापुढे उभी राहिली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही बदाम पाठवलेत ते इथे.

मी त्या मुलीजवळ गेले. "तुमचं खापर मागे पिठाच्या डब्यावर आहे. हे तिचं आहे. तिला तुम्हीच विचारलंत, सासूचं म्हणून तिने सांगितलं."

ती हळू आवाजात म्हणाली, "मॅम, प्लीज, आत्ता थांबू नका. हे फार सुंदर होतंय."

"तिचं पोट आहे त्यावर."

"पण सही आहे ना त्यांची. तुमचीही आहे."

होती. म्हणूनच मला तिच्यापेक्षा माझी किळस जास्त आली, आणि अजून येते. तिला खापर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिने विचारायला हवं होतं, विचारलं नाही, तो तिचा दोष. मला ठाऊक होतं.

मांडेवालीने खापर थंड व्हायची वाट पाहिली. गर्दी पांगेपर्यंत ती चुलीपाशी बसून राहिली, कुणाला जवळ येऊ दिलं नाही. तेवढ्यात सूर्य वर आला आणि मांड्यांतून तो काही दिसला नाही, कारण रात्रभराच्या गारव्याने ते आखडून, वाकडे होऊन तारांना लोंबत होते. फोटो झाल्यावर त्यांनी ते ओढून कचऱ्याच्या गाडीत टाकले. झाडणाऱ्या बायकांना द्यायचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. एक गाय चिमट्यासकट मांडा चघळत होती. तिच्या तोंडातून तो चिमटा मी काढला, आणि मग नळावर बराच वेळ हात धूत राहिले.

रिक्षात आम्ही तिघी होतो. खापर मांडेवालीच्या मांडीवर, गोधडीत. मग ती समोर पाहत म्हणाली,

"तुम्ही ते वाचं व्हतं ना, अक्का?"

मी म्हणाले, "हो. वाचलं होतं."

"माले सांगं नही."

"नाही सांगितलं. मला वाटलं, त्यांच्या खापरावर ओततील."

तिच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली तेव्हा मी म्हणाले, मी तुला नवं आणून देते, सगळ्यांत चांगलं. ती उतरली, खापर सुनेच्या हातात न देता स्वतःच धरलं आणि म्हणाली, "खापर इकत भेटस, अक्का. माले मांडा शिकाडनारी सासू इकत भेटनार का?" आणि गेली.

त्या उन्हाळ्यात तिने लग्नाची कामं घेतली नाहीत. लग्नाच्या मांड्याला चूल दिवसभर भडकती ठेवावी लागते आणि तडा गेलेलं खापर ते सोसत नाही. बोलावणी आली ती तिने भडगावकडच्या एका बाईला दिली. सून एका शाळेत पोषण आहाराच्या स्वयंपाकाला जायला लागली. आखाजीला मी वाट पाहिली. ती आली नाही. आपल्या घरी त्या दिवशी पोळ्या झाल्या, आणि मी तुम्हाला फोनवर सांगितलं की यंदा पाय दुखतात म्हणून मांड्यांचा घाट घातला नाही. ते खोटं होतं.

मी महोत्सववाल्यांना पत्र लिहिलं, दोन्ही भाषांत. एकाचं उत्तर आलं, इंग्रजीतल्या पत्राचं. त्यात त्यांनी सहकार्याबद्दल आभार मानले होते.

आणि या आठवड्यात त्यांच्या माणसाचा फोन आला. यंदा महोत्सव धुळ्याला आहे. गेल्या वर्षीचा तो क्षण फार गाजला म्हणे, बाहेरच्या देशांतल्या लोकांनीही पाहिला. तर मी आणि मावशी पुन्हा तसंच करू का? तिने खापर अडवायचं, मी ओरडायचं. "या वेळी दोन खापरं ठेवू, मॅडम, म्हणजे गैरसमज नको." मी विचारलं, त्या बाईने वर्षभर लग्नाचं काम केलं नाही हे तुम्हाला माहीत आहे का? तो म्हणाला, अरेरे, हेही त्यात घेता येईल. मी फोन ठेवला आणि तो नंबर बंद करून टाकला. कसा करायचा ते तुमच्या आईनेच मला शिकवलं होतं.

म्हणून सांगते, तो व्हिडिओ कुणाला दाखवलात तर हे पत्रही दाखवा. नाहीतर दाखवू नका.

मी श्रावणात मांडेवालीच्या घरी गेले. न सांगता गेले, कारण सांगितलं असतं तर ती घरी नसती. तिने पाणी दिलं. खापर चुलीवर होतं. काठापासून चार बोटं आत तडा आहे. काठाभोवती तिने तार आवळून बांधली आहे आणि विस्तव मंद ठेवते. त्यावर लग्नाचे मांडे होत नाहीत, घरातल्या माणसांपुरते होतात, तेही लहान. सून करत होती. दोन फाटले, तिसरा नीट उतरला. मला कुणी खायला दिला नाही आणि मी मागितला नाही. मांडेवाली आता रस्त्यात भेटली की थांबते, अक्का म्हणते, पण आपल्या ओट्यावर अजून बसत नाही. खापर आहे. त्यावर मांडा होतो.

तुमची आजी